संघोसंघी फिरणारा लाइनमन: अमेरिकन फुटबॉलमधील एका दुर्लक्षित कारकिर्दीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लाइनमन म्हणजे मैदानावरचा नेमका कोणता खेळाडू?

अमेरिकन फुटबॉलमध्ये प्रत्येक डाव सुरू होताना दोन्ही संघांचे सर्वांत धिप्पाड खेळाडू चेंडूच्या रेषेवर समोरासमोर वाकून उभे असतात. त्यांना लाइनमन म्हणतात. या पानावर मुख्यतः आक्रमक फळीतील लाइनमनचा विचार केला आहे. ही फळी पाच जणांची असते. मधोमध सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक गार्ड आणि दोन्ही टोकांना एकेक टॅकल. सेंटर दोन पायांमधून चेंडू मागे क्वार्टरबॅककडे, म्हणजे आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूकडे, देतो आणि त्याच क्षणी पाचही जण समोरच्या बचावपटूंना थोपवू लागतात. चेंडू फेकला जाणार असेल तर क्वार्टरबॅकभोवती दोन-तीन सेकंद तटबंदी उभी ठेवायची, आणि चेंडू घेऊन कोणी धावणार असेल तर त्याच्यासाठी वाट मोकळी करायची, एवढेच त्यांचे काम. बहुतेकांचे वजन १३५ किलोंच्या वर असते. नियमानुसार या पाच जणांना पुढे टाकलेला चेंडू झेलण्याची मुभा नसते, त्यामुळे लाखो प्रेक्षक ज्या चेंडूकडे पाहत असतात त्याला सेंटर सोडल्यास त्यांच्यापैकी कोणाचा हात लागणेही विरळाच.

‘जर्नीमन’ कोणाला म्हणतात? हा शब्द कमीपणाचा आहे का?

ज्याची संपूर्ण कारकीर्द एका संघात न जाता चार, पाच किंवा त्याहून अधिक संघांत विभागली गेली, जो कधी नियमित खेळला, कधी राखीव राहिला आणि कधी काही आठवडे बेकारही होता, अशा व्यावसायिक खेळाडूला तिकडे जर्नीमन म्हणतात. मराठीत ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ म्हणतात, तो प्रकार येथे अक्षरशः लागू पडतो. शब्दात थोडी उपेक्षा आहे हे खरे. मात्र ती अनाठायी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. राष्ट्रीय फुटबॉल लीग, म्हणजे एनएफएलमध्ये, ३२ संघ आहेत आणि प्रत्येकाच्या मुख्य यादीत ५३ खेळाडू असतात. खेळाडू संघटनेच्या हिशेबाप्रमाणे या लीगमधील सरासरी कारकीर्द जेमतेम साडेतीन वर्षांचीही भरत नाही. अशा ठिकाणी जो आठ-दहा वर्षे टिकून राहतो, त्याला एका संघाने सोडले याइतकेच दुसऱ्या संघाने तत्काळ बोलावून घेतले हेही महत्त्वाचे असते, आणि दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा पुष्कळ दुर्मीळ आहे.

अशा कारकिर्दीचे एखादे खरे उदाहरण सांगता येईल का?

ए. क्यू. शिप्ली या सेंटरचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. १९८६ साली जन्मलेला शिप्ली पेनसिल्व्हेनिया राज्यात पिट्सबर्गच्या परिसरात वाढला. पेन स्टेट विद्यापीठात तो बचावफळीतील खेळाडू म्हणून दाखल झाला आणि तिथेच सेंटर बनला. महाविद्यालयीन फुटबॉलमधील सर्वोत्तम सेंटरला दिला जाणारा रिमिंग्टन पुरस्कार त्याला २००८ मध्ये मिळाला. एवढे होऊनही २००९ च्या निवडप्रक्रियेत, जिला ड्राफ्ट म्हणतात, तो सातव्या आणि शेवटच्या फेरीत २२६ व्या क्रमांकावर निवडला गेला, कारण सेंटर म्हणूनही त्याची उंची कमी आणि हात आखूड मानले गेले.

त्याला निवडणारा संघ होता त्याच्या घरचाच, पिट्सबर्ग स्टीलर्स. पण तिथे तो सराव संघापलीकडे गेला नाही. त्यानंतर फिलाडेल्फिया ईगल्सकडे जाऊनही त्याला नियमित हंगामात एकही सामना मिळाला नाही. लीगमधील पहिला सामना तो खेळला २०१२ मध्ये, इंडियानापोलिस कोल्ट्सकडून, म्हणजे निवड झाल्यानंतर तीन वर्षांनी. पुढच्याच वर्षी कोल्ट्सने त्याला बाल्टिमोर रेव्हन्सकडे पाठवले. तिथे नेहमीचा गार्ड जखमी झाल्यामुळे त्याला डाव्या गार्डच्या जागी उभे राहावे लागले. २०१४ मध्ये रेव्हन्सने सोडल्यावर तो पुन्हा कोल्ट्सकडे आला. २०१५ मध्ये तो ॲरिझोना कार्डिनल्समध्ये दाखल झाला, एक वर्ष राखीव राहिला आणि २०१६ व २०१७ या दोन्ही हंगामांत सर्वच्या सर्व सोळा सामन्यांत सुरुवातीपासून खेळला. तेव्हा त्याने तिशी गाठली होती. २०१८ च्या सराव शिबिरात त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला आणि अख्खा हंगाम गेला. २०१९ मध्ये तो परतला आणि पुन्हा सोळाही सामने खेळला. त्यानंतर टँपा बे बकनियर्स हा त्याचा सहावा संघ ठरला.

या प्रवासात एक धागा आहे. शिप्ली पिट्सबर्गला आला तेव्हा तेथील आक्रमणाचे प्रशिक्षक ब्रूस एरियन्स होते. २०१२ मध्ये ते कोल्ट्समध्ये होते, २०१३ ते २०१७ कार्डिनल्सचे मुख्य प्रशिक्षक होते आणि २०१९ ते २०२१ बकनियर्सचे. त्यांचे सहकारी हॅरॉल्ड गुडविन हेही या चारही ठिकाणी त्यांच्यासोबत होते. ज्याला वरवर पाहणारा भटकंती म्हणेल ती प्रत्यक्षात एका प्रशिक्षकाच्या विश्वासामागून केलेली वाटचाल होती, आणि फिरत्या लाइनमनच्या कारकिर्दीत हे वारंवार आढळते. खेळाडूला ओळखणारी माणसे संघ बदलतात तेव्हा ती आपल्या परिचयाचा, आपली भाषा जाणणारा सेंटर सोबत नेऊ पाहतात.

संघ खेळाडूंना एवढ्या सहज कसे सोडू शकतात? करार नसतो का?

करार असतो, पण त्यातील हमी असलेली रक्कम आणि कागदावर दिसणारी रक्कम यांत मोठे अंतर असते. नामांकित खेळाडूंच्या करारातील बरीच रक्कम काहीही झाले तरी मिळणार असते. किमान वेतनावर सही करणाऱ्या लाइनमनच्या करारात अशी हमी बहुधा नसते किंवा नाममात्र असते. संघाने त्याला काढले की पुढच्या आठवड्यापासून पगार थांबतो.

वर्षाचे चक्र समजून घेतले की ही असुरक्षितता नीट लक्षात येते. उन्हाळ्यातील शिबिरात प्रत्येक संघात ९० खेळाडू असतात. तीन सराव-सामने होतात. ऑगस्टच्या अखेरीस ठरलेल्या दिवशी ही यादी ५३ वर आणावी लागते. २०२३ पासून ही कपात एकाच टप्प्यात होते, म्हणजे ३२ संघांतून एकाच दिवसाच्या आसपास हजाराहून अधिक माणसे कामावरून कमी होतात. ज्याची पाळी येते त्याला संघाचा एक कर्मचारी येऊन सांगतो की प्रशिक्षकांनी बोलावले आहे, डावांची वही सोबत घेऊन या. वहीची जागा आता टॅबलेटने घेतली असली तरी या निरोपाचा अर्थ शिबिरातील प्रत्येकाला ठाऊक असतो. पहिल्या फेरीत निवडल्या गेलेल्या खेळाडूला ही भीती फारशी कधी वाटत नाही. फिरत्या लाइनमनला ती दर ऑगस्टमध्ये वाटते, आठव्या वर्षीसुद्धा.

‘वेव्हर’ ही काय भानगड आहे?

चार हंगाम जमेस नसलेल्या खेळाडूला संघाने सोडले तर तो लगेच मोकळा होत नाही. त्याचे नाव इतर सर्व संघांपुढे जाते आणि साधारण चोवीस तासांत कोणीही त्याच्यावर दावा सांगू शकतो. अनेकांनी दावा केला तर ज्याची कामगिरी सर्वांत वाईट त्या संघाला अग्रक्रम मिळतो. दावा करणारा संघ जुना करार जसाच्या तसा स्वीकारतो आणि खेळाडूला तिकडे जावेच लागते. त्याची इच्छा विचारली जात नाही. सकाळी तो एका किनाऱ्यावर असतो आणि दुसऱ्या दिवशी तीन हजार किलोमीटर दूर वैद्यकीय तपासणीसाठी रांगेत उभा असतो. कोणीच दावा केला नाही तर तो मोकळा होतो आणि कोणाशीही करार करू शकतो. चार हंगाम पूर्ण झालेल्यांना मात्र थेट मोकळीक मिळते. अपवाद इतकाच की हंगामाच्या मध्यावर खेळाडूंच्या देवाणघेवाणीची मुदत संपली की पुढे त्यांनाही या प्रक्रियेतून जावे लागते.

सराव संघातील खेळाडूचे काम काय असते?

मुख्य यादीखेरीज प्रत्येक संघाला सोळा जणांचा सराव संघ ठेवता येतो. आठवडाभर हे खेळाडू पुढच्या प्रतिस्पर्ध्याची भूमिका वठवतात. येत्या रविवारी समोर जो संघ असेल, त्याच्या बचावाचे किंवा आक्रमणाचे डाव कार्डावर पाहून तंतोतंत उभे करतात, जेणेकरून मुख्य खेळाडूंची तयारी व्हावी. लाइनमनसाठी हे अत्यंत कष्टाचे आहे. रोज आपल्याच संघातील सर्वोत्तम बचावपटूंचा मार खायचा आणि रविवारी साध्या कपड्यांत बाजूला उभे राहायचे.

पण याच जागेवरून दारेही उघडतात. सध्याच्या नियमांनुसार सराव संघातील दोघांना एखाद्या सामन्यापुरते वर आणता येते आणि एका खेळाडूला हंगामात तीनदा असे वर आणता येते. दुसरा कोणताही संघ त्याला थेट आपल्या ५३ जणांच्या यादीत घेऊ शकतो, मात्र मग त्याला निदान तीन आठवड्यांचा पगार द्यावाच लागतो. आलेहांद्रो व्हिलानुएव्हाची गोष्ट याच दारातून सुरू झाली. अमेरिकी सैन्यात रेंजर म्हणून सेवा केलेला हा उंचापुरा माणूस २०१४ मध्ये ईगल्सच्या शिबिरात बचावफळीतील खेळाडू म्हणून गेला आणि काढला गेला. स्टीलर्सने त्याला सराव संघात घेऊन डावा टॅकल बनवले. २०१७ आणि २०१८ अशी दोन वर्षे प्रो बोलसाठी, म्हणजे लीगमधील निवडक सर्वोत्तम खेळाडूंत, त्याची निवड झाली.

पैसे किती मिळतात?

सामान्य माणसाच्या मानाने भरपूर, पण बातम्यांत वाचतो त्या मानाने पुष्कळ कमी. २०२४ च्या हंगामात मुख्य यादीतील नवख्याचे किमान वार्षिक वेतन ७ लाख ९५ हजार डॉलर होते आणि सात किंवा अधिक हंगाम जमेस असलेल्याचे १२ लाख १० हजार डॉलर. सराव संघातील तरुण खेळाडूला त्या वर्षी आठवड्याला १२ हजार ५०० डॉलर मिळत. म्हणजे अठराही आठवडे टिकला तर २ लाख २५ हजार. ‘टिकला तर’ हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण ही वार्षिक रक्कम यादीवर असलेल्या आठवड्यांच्या प्रमाणातच पदरात पडते. ऑक्टोबरमध्ये काढलेल्याला ऑक्टोबरपर्यंतचेच पैसे. त्यातून प्रतिनिधीची, म्हणजे एजंटची, फी जाते, जिची कमाल मर्यादा ३ टक्के आहे. केंद्राचा कर जातो आणि ज्या ज्या राज्यात सामना झाला त्यांपैकी बहुतेक राज्येही त्या दिवसांच्या कमाईवर आपला कर घेतात.

दोन बारकावे येथे नोंदवतो, कारण त्यांचा परिणाम फिरत्या खेळाडूंवरच अधिक होतो. पहिला असा की अनुभवी खेळाडू हंगामाच्या पहिल्या सामन्याला मुख्य यादीत असेल आणि नंतर काढला गेला, तर त्याला उरलेल्या वर्षाचा पगार मागण्याचा हक्क कारकिर्दीत एकदा वापरता येतो. म्हणूनच अनेक संघ अशा अनुभवी लाइनमनला पहिला आठवडा उलटल्यावरच करारबद्ध करतात. तो घरी फोनची वाट पाहत बसलेला असतो आणि त्याची गरज आहे हे दोन्ही बाजूंना माहीत असते, तरी आठवडा जाऊ दिला जातो. मला हे व्यवहार म्हणून समजते, न्याय म्हणून पटत नाही. दुसरा बारकावा समाधानाचा आहे. कमी पगारावर असूनही खूप खेळलेल्या खेळाडूंसाठी लीगमध्ये एक वेगळा निधी आहे, ज्यातून प्रत्यक्ष खेळलेल्या डावांच्या आणि पगाराच्या प्रमाणात वर्षाअखेरीस वाटप होते. शेवटच्या फेरीत निवडला गेलेला आणि कोणाच्या तरी दुखापतीमुळे वर्षभर खेळलेला गार्ड या निधीचा हक्काचा लाभार्थी असतो.

संघ अशा राखीव लाइनमनमध्ये काय शोधतात?

एकाच माणसात अनेक जागा. सामन्याच्या दिवशी ५३ पैकी सगळे खेळू शकत नाहीत. संघाला ४७ खेळाडू तयार ठेवता येतात, आणि त्यांत निदान आठ आक्रमक लाइनमन असतील तर एक जादा, म्हणजे ४८. ही तरतूद लीग आणि खेळाडू संघटना यांच्यातील २०२० च्या करारात आली. पाच जण खेळतात, म्हणजे राखीव राहतात सहसा तिघे, आणि त्या तिघांना मिळून पाच वेगवेगळ्या जागा झाकायच्या असतात. जो फक्त उजवा गार्ड खेळू शकतो त्याला राखीव म्हणून ठेवणे परवडत नाही. सेंटर आणि दोन्ही गार्ड खेळणारा एक, दोन्ही बाजूंचा टॅकल खेळणारा एक, आणि गरज पडल्यास कुठेही उभा राहणारा एक, अशी जुळवाजुळव असते.

डावीकडून उजवीकडे जाणे ऐकायला सोपे वाटते. प्रत्यक्षात कोणता पाय मागे, कोणता हात आधी, वजन कोणत्या नितंबावर, सारे उलटे होते. उजव्या हाताने तबला वाजवणाऱ्याला मैफिलीत ऐनवेळी डग्गा उजवीकडे आणि तबला डावीकडे ठेवून बसवावे, तसे ते असते. समोर १२० किलोंचा, अत्यंत वेगवान बचावपटू असताना ते करायचे असते.

याशिवाय राखीव सेंटरला चेंडू मागे देता यायलाच हवा. ही किमान पात्रता वाटेल, पण उत्कृष्ट गार्ड असूनही दबावाखाली चेंडू नीट मागे देऊ न शकणारे अनेक असतात, आणि ज्याला ते जमते त्याच्या कारकिर्दीत दोन-तीन वर्षांची भर पडते. ज्यांची उंची टॅकलला अपुरी पडते असे खेळाडू म्हणूनच सुट्टीच्या महिन्यांत तासन् तास नुसता चेंडू मागे देत राहतात.

नव्या संघात आल्यावर किती दिवसांत खेळावे लागते?

कधी कधी पाच दिवसांत. मंगळवार हा खेळाडूंच्या सुट्टीचा वार, आणि त्याच दिवशी संघ बाहेरच्या खेळाडूंना चाचणीला बोलावतात. मंगळवारी चाचणी, सायंकाळी सही, बुधवारी सराव आणि रविवारी सामना, असा क्रम घडतो.

या पाच दिवसांतली खरी अडचण ताकदीची नसते, भाषेची असते. प्रत्येक डावापूर्वी सेंटर समोरच्या बचावाची मांडणी वाचतो, मधला लाइनबॅकर, म्हणजे बचावफळीच्या मागे उभा राहणारा खेळाडू, कोण हे बोट दाखवून जाहीर करतो आणि त्यावरून पाच जणांपैकी कोणी कोणाला अडवायचे हे ठरते. मग गार्ड आणि टॅकल आपापसांत एखादा शब्द उच्चारून दोघांनी मिळून एकाला ढकलायचे की स्वतंत्र राहायचे हे पक्के करतात. हे सर्व काही सेकंदांत, प्रचंड गोंगाटात घडते. संकल्पना सगळीकडे जवळपास सारख्याच असल्या तरी त्यांची नावे प्रत्येक संघात निराळी असतात. गेल्या आठवड्यापर्यंत ज्या शब्दाचा अर्थ ‘डावीकडे सरका’ होता, तोच शब्द इथे भलत्याच डावाचे नाव असू शकतो. म्हणून अनुभवी फिरता लाइनमन नवी नावे घोकत बसत नाही. त्याच्या डोक्यात आधीच एक कायमचा आराखडा असतो आणि नवी नावे तो त्यावर चिकटवतो. सहा संघांच्या परिभाषा शिकलेल्या माणसाला सातवी लवकर येते, हा या भटकंतीचा मोठा आणि क्वचितच दखल घेतला जाणारा लाभ आहे. आपल्या जागेसाठी आलेल्या तरुणालाही हेच खेळाडू ती शिकवतात.

लाइनमनच्या नावावर धावा किंवा गुण नसतात. मग त्याची किंमत कशी ठरते?

चित्रफितीवरून. प्रत्येक सामन्यानंतर फळीचे प्रशिक्षक प्रत्येक डाव पुढे-मागे करून पाहतात आणि प्रत्येक खेळाडूला डावागणिक गुण देतात. पाय योग्य पडला का, हात बचावपटूच्या छातीच्या आत बसले का, नेमून दिलेला माणूस बरोबर ओळखला का. कोल्हापूरच्या तालमीत वस्ताद ज्या नजरेने पायाची बैठक पाहतो, तशीच ही नजर असते. अमेरिकेतही शाळेत कुस्ती खेळलेल्या मुलांना या जागेवर प्रशिक्षक आवर्जून पसंती देतात, कारण समोरच्याच्या वजनाखाली शिरून त्याला उचलणे दोन्हीकडे सारखेच. बाहेरच्या जगाला मात्र लाइनमन दिसतो तो चुकल्यावर. साठ डाव नेटके खेळून एकसष्टाव्या डावात क्वार्टरबॅक पडला, तर दूरचित्रवाणीवर तोच क्षण चारदा दाखवतात.

तिसऱ्या हंगामाला एवढे महत्त्व का?

कारण निवृत्तिवेतनाचा हक्क तीन जमा हंगामांनंतर मिळतो. हंगाम जमा होण्यासाठी तीन सामने पूर्ण वेतनाच्या यादीत असावे लागते, प्रत्यक्ष खेळलेच पाहिजे असे नाही. ज्यांना हा हक्क मिळाला त्यांना कारकीर्द संपल्यावर पाच वर्षे आरोग्यविमाही मिळतो. मोकळ्या बाजारात जाण्यासाठीचा हिशेब वेगळा आहे. तिथे हंगाम धरला जाण्यास सहा सामने लागतात आणि करार संपल्यावर पूर्ण मोकळीक मिळायला असे चार हंगाम हवेत. दोन हंगाम आणि दोन सामने जमेस असलेल्या राखीव गार्डला डिसेंबरमध्ये एखाद्या हरलेल्या संघाने उरलेल्या दिवसांसाठी बोलावले, तर त्या बोलावण्याने त्याच्या म्हातारपणाचा प्रश्न सुटू शकतो. बाहेरच्याला निरर्थक वाटणाऱ्या सामन्यांत हे खेळाडू जिवाच्या आकांताने का खेळतात, याचे एक उत्तर येथे आहे.

शरीराचे काय होते?

हा प्रश्न हळुवारपणे पण स्पष्ट हाताळला पाहिजे. जवळजवळ प्रत्येक डावात टक्कर होणारी ही जागा आहे. गुडघे, पाठ, खांदे आणि बोटे यांची झीज जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला येते. डोक्याला बसणाऱ्या धक्क्यांविषयी आता पुष्कळ माहिती आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दान केलेल्या मेंदूंपैकी एनएफएलमध्ये खेळलेल्या १११ जणांच्या मेंदूंची तपासणी झाली आणि ११० मध्ये दीर्घकालीन आघातजन्य मेंदूविकाराची चिन्हे आढळली. आजाराची शंका असलेल्या कुटुंबांनीच बहुधा मेंदू दान केले असल्यामुळे हे प्रमाण सर्व खेळाडूंना सरसकट लावता येत नाही. तरीही आकडा विसरता येण्याजोगा नाही. हा अभ्यास प्रसिद्ध झाल्यावर दोनच दिवसांत रेव्हन्सचा गार्ड जॉन उर्शेल निवृत्त झाला. तो तेव्हा एमआयटीत गणितात डॉक्टरेट करत होता आणि वय होते अवघे २६.

खेळाडू संघटनेशी झालेल्या २०११ च्या करारानंतर नियमित हंगामात पूर्ण संरक्षक साहित्यासह होणारे सराव १४ वर मर्यादित झाले आणि २०२२ पासून शिबिराच्या काळात लाइनमनना शिरस्त्राणावर मऊ आवरण घालणे बंधनकारक झाले. शरीरासाठी हे निःसंशय चांगले. मात्र त्याची दुसरी बाजू अशी की उशिरा घडणाऱ्या लाइनमनला प्रत्यक्ष झटापटीतून शिकण्याची संधी कमी झाली आहे.

फिरत्या खेळाडूची आणखी एक अडचण म्हणजे दुखापत सांगावी की लपवावी. ज्याची जागा पक्की आहे तो दोन आठवडे विश्रांती घेतो. ज्याची जागा आठवड्यागणिक ठरते तो बोटांना पट्टी बांधून उभा राहतो. अनेक करारांत जखमींच्या यादीत गेल्यास पगार घटवण्याचे कलमही असते.

एनएफएलबाहेर पर्याय आहेत का?

आहेत. कॅनडाची लीग सर्वांत जुनी आणि स्थिर, पण तिथे मैदानावर अकराऐवजी बारा खेळाडू, दहा यार्ड पुढे सरकायला चारऐवजी तीनच प्रयत्न आणि दोन फळ्यांमध्ये एक यार्डाचे अंतर असते, त्यामुळे लाइनमनला पायांची लय नव्याने बसवावी लागते. युरोपातील एनएफएलची शाखा २००७ मध्ये बंद झाली. २०१९ मध्ये सुरू झालेली एक वसंतकालीन लीग पहिला हंगामही पुरा करू शकली नाही. २०२४ पासून एक्सएफएल आणि यूएसएफएल यांच्या विलीनीकरणातून उभी राहिलेली यूएफएल खेळली जात आहे. आपल्याकडे २०१२ मध्ये पुणे मराठाज आणि मुंबई ग्लॅडिएटर्स अशी नावे असलेल्या संघांसह एक भारतीय लीग खेळली गेली होती, पण ती रुजली नाही.

फार उशिरा यशस्वी झालेले लाइनमन आहेत का?

जेफ सॅटर्डे याला १९९८ च्या ड्राफ्टमध्ये कोणीही निवडले नाही. रेव्हन्सने सही करून काढून टाकले. तो नॉर्थ कॅरोलिनात विजेच्या सामानाच्या दुकानात काम करत होता. एका जुन्या सहकाऱ्याने कोल्ट्सच्या व्यवस्थापनाकडे त्याच्यासाठी शब्द टाकला आणि पुढची तेरा वर्षे तो त्या संघाचा सेंटर होता. दीर्घायुष्याचे उदाहरण हवे असेल तर रे ब्राउन. १९८६ मध्ये आठव्या फेरीत निवडला गेलेला हा खेळाडू कार्डिनल्स, वॉशिंग्टन, सॅन फ्रान्सिस्को आणि डेट्रॉइट अशी वाट चालून पुन्हा वॉशिंग्टनला आला आणि २००५ च्या हंगामात, वयाच्या ४३ व्या वर्षी, अजून फळीत उभा होता.

कारकीर्द संपते कशी?

बहुतेकांची समारंभाने संपत नाही. फोन यायचा थांबतो, एवढेच. मार्चमध्ये प्रतिनिधी म्हणतो, थोडी वाट पाहू. जुलैमध्ये शिबिरे भरतात. ऑगस्टमध्ये कोणी जखमी होतो आणि बोलावणे दुसऱ्यालाच जाते. आधी पुरेसे वजन टिकवण्यासाठी दिवसातून पाच-सहा वेळा खाणारा माणूस मग हळूहळू वजन उतरवू लागतो, आणि शेजाऱ्यांना कळते की तो आता परतणार नाही.

शिप्लीचे तसे झाले नाही. ऑगस्ट २०२० मध्ये एरियन्स यांनी त्याला टँपाला बोलावले, ते रायन जेन्सन या पक्क्या सेंटरमागचा राखीव म्हणून. नोव्हेंबरमध्ये मानेला गंभीर मार बसला आणि डॉक्टरांनी पुन्हा खेळण्यास मनाई केली. त्याच आठवड्यात एरियन्स यांनी त्याला प्रशिक्षकांच्या ताफ्यात सामावून घेतले. गणवेश उतरला, पण ज्या खोलीत तो काही दिवसांपूर्वी खेळाडू म्हणून बसत होता, तिथेच तो फळीला चित्रफिती दाखवू लागला. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी बकनियर्सने कॅन्सस सिटी चीफ्सला ३१–९ असे हरवून सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला, तेव्हा सातव्या फेरीतील २२६ वा खेळाडू मैदानाच्या कडेला कानाला हेडसेट लावून उभा होता.